सुनांची आघाडी

कामठ्याजवळच्या आमच्या गावात मंडईच्या दिवशी, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला आणि रात्रीच्या नाटकाला, लेकी माहेरी येतात आणि सुना चुलीपुढे बसतात. पाहुण्यांची पंगत उठून भांडी होईपर्यंत नाटकाचा पहिला अंक संपलेला असतो. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मंडईतल्या एकाही नाटकात खून का झाला हे मला ठाऊक नाही. प्रेत तेवढं पाहिलंय.

म्हणून गेल्या मंडईला लेकी विरुद्ध सुना असा फुटबॉलचा सामना ठरला तेव्हा पैज मीच लावली. सुना जिंकल्या तर रात्रीचा स्वयंपाक लेकींनी करायचा. बरोबरी झाली तर चालत आलंय तसंच चालेल, हेही मीच सांगून टाकलं. नियम सुटसुटीत असावेत, असं माझं मत आहे.

संघाची व्यवस्थाही माझ्याकडेच आली. घरातल्या किराण्यापासून लसणाच्या वाफ्यांपर्यंत सगळ्याच्या याद्या मी ठेवते, त्यामुळे मला फुटबॉलही येत असणार असं सगळ्यांनी धरलं. मीही धरलं.

धान कापून मोकळ्या झालेल्या बांधीत सात-सात जणी उतरल्या. माझी धाकटी जाऊ ट्रॅक पँट घालून आली होती. कॉलेजात ती शर्यतीत धावायची. मध्यांतराआधीच तिने गोल केला.

"नाचा, वैनी," आमगावला दिलेली माझी नणंद म्हणाली, "रातच्याला तुमालेच रांधाचं हाय."

आघाडी मिळाली की शेवटी पुढचा खेळाडू काढून मागे भिंत उभी करतात, हे मी टीव्हीवर पाहिलं होतं. शेवटची थोडी मिनिटं उरली तशी मी धाकटीला बाहेर बोलावलं.

"मले काऊन काढून राहिल्या, ताई? मी थकली नाई."

"आता गोल कराचा नाई, वाचवाचा हाय."

"मंग बॉल तिकडंच ठेवला तं?"

मी घड्याळ पाहिलं.

तिच्या जागी थोरल्या जाऊबाईंना घातलं. त्यांच्यासारख्याच भारदस्त आणखी दोघी आत पाठवल्या आणि बदल्या संपल्या. तीनच बदल्या, हा नियमही माझाच होता. कमरेला पदर खोचून त्या गोलपुढे अशा उभ्या राहिल्या की आमच्या गोलकीपरला पलीकडचं काही दिसेना. लेकी येत, धडकत आणि परत जात. नाटकाला चटई कुठे टाकायची, हे मी मनात ठरवूनही टाकलं.

तेवढ्यात मोठे भासरे, म्हणजे आमच्या नवऱ्यांचे थोरले चुलतभाऊ, सहज खेळ पाहायला आले आणि आमच्या गोलजवळ, बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर उभे राहिले.

अख्ख्या भिंतीने त्यांना एकदमच पाहिलं. खोचलेला पदर ओढून डोक्यावर घ्यायला दोन्ही हात लागतात आणि मानही खाली जाते. नणंदेने बॉल काही फार जोरात मारला नव्हता. तो धसकटांमधून गडगडत सगळ्यांच्या मधून गेला. डोक्यावर पदर न घेणारी, भासऱ्यांऐवजी बॉलकडे पाहणारी एकटी धाकटी होती, आणि तिला मी माझ्या शेजारी उभं करून ठेवलं होतं. माझा स्वतःचा हातही डोक्यावरच होता.

शिट्टी वाजली. बरोबरी.

"बऱ्या खेळल्या," भासरे कोणाकडेच न पाहता म्हणाले आणि निघून गेले.

रात्री मांडवातला माईक हॅलो-हॅलो करू लागला तेव्हा धाकटी पुऱ्या लाटत होती. आता तिने लाटणं खाली ठेवलं.

"ताई, आता थकली मी. बदली करा न."

मी लाटणं घेतलं आणि तिच्या पाटावर बसले.

"तिले काढलं का गोल खातो आपुन," कढईपुढून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या. "पुऱ्या बरोबर लाट."

"खून काऊन होते ते नीट पाहून ये," मी धाकटीला सांगितलं. पण ती तोवर अंगणाबाहेर पळाली होती.