मी वाचलेला आठ

रेसचं कार्ड वाचताना घोड्याचं नाव सगळ्यात शेवटी वाचायचं, हा आमच्या ह्यांचा पहिला नियम होता. नाव आधी वाचलं की माणूस नावाला भुलतो आणि मग बाकीचा कागद त्याला दिसतच नाही, असं ते म्हणत. वस्तीवरच्या बायका श्रावणात पोथी ऐकायला जमत आणि मी सोप्यात बसून घोडे वाचत असे. हसणाऱ्यांनी हसून घेतलं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण त्या कागदामुळं माझा नवरा दोन वेळा जेवत होता.

मोठा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. वडूजपासून थोड्या अंतरावर माळाला आमची वस्ती होती. ह्यांचं घराणं मेंढरं राखणारं. लहानपणी त्यांचं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर लादलेलं असायचं, पोरं, कोंबड्या, भांडी सगळं त्यावरच, आणि दिवाळी झाली की मेंढरांमागं चालायला लागायचं. त्यामुळं घोडं म्हणजे त्यांच्या घरातलंच माणूस. घोड्याच्या अंगावरचे केसांचे भोवरे बघून ते जनावर दारात बांधावं की नाही हे ते सांगत. पुढं ते पुण्याला रेसच्या तबेल्यात सईस म्हणून लागले. बारा वर्षं त्यांनी तिथं घोडे धुतले, फिरवले, त्यांच्या पायांना पट्ट्या बांधल्या. भोवऱ्याच्या गोष्टी ऐकून तिथले लोक त्यांची टिंगल करत, पण एखादं जनावर कुणाला हात लावू देईना की ह्यांनाच हाक जायची.

मग एका उनाड शिंगराची लाथ त्यांच्या डोक्याला बसली. जीव वाचला, नजर गेली. मिरजेच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी मारून बघितली आणि मला बाहेर नेऊन सांगितलं की, आता आशा ठेवू नका. त्या वेळी ह्यांचं वय अडतीस होतं.

घरी आणल्यावर ते भिंतीकडं तोंड करून निजायला लागले. भाकरी पुढं ठेवली तर तशीच वाळायची. कुणी भेटायला आलं तर झोपेचं सोंग घ्यायचे. मी आधी समजूत घातली, मग रडले, मग भांडले. शेवटी माझंही तोंड बंद झालं. घरात दोन माणसं होती आणि दिवस दिवस शब्द नव्हता. असेच पाच-सहा महिने गेले. हा माणूस आता उठत नाही, असं मी मनाशी धरून चालले होते.

पुण्याहून येणाऱ्या एसटीचा कंडक्टर ह्यांच्या ओळखीचा. पावसाळ्यात पुण्याला रेसचा सीझन सुरू झाला तेव्हा त्यानं एका शुक्रवारी रेसचं बुक, म्हणजे त्या आठवड्याच्या शर्यतींची कार्डं छापलेलं पुस्तक, आणून दिलं. आंधळ्या माणसाला छापील बुक, तेही इंग्रजी. मला त्याचा रागच आला. ह्यांनी ते हातात घेतलं, पानं चाळली, नाकाजवळ नेलं आणि उठून बसले. म्हणाले, "तू मॅट्रिक हायस न्हवं? वाच."

माझं माहेर साताऱ्याचं. मॅट्रिकपर्यंत शिकलेली मुलगी माळावर दिली म्हणून माझी आई शेवटपर्यंत हळहळत होती. त्या शिक्षणाचा उपयोग झाला तो असा.

"आधी वजन," ते म्हणाले. जॉकी, खोगीर आणि कमी पडेल तेवढं शिसं मिळून घोड्याच्या पाठीवर किती किलो जाणार ते कार्डावर छापलेलं असतं. मला वाटलं, ज्याच्यावर ओझं कमी तो पुढं जाणार. तसं बोलल्यावर हे हसले. नजर गेल्यानंतर पहिल्यांदा हसले.

"आगं, उलटं हाय ते. चांगल्या घोड्याला दाबत्यात आनि मागं ऱ्हाणाऱ्याला हलकं करत्यात, म्हंजे समदी बरोबरीनं येत्यात. जिंकलं की वजन वाढतं, हरत गेलं की उतरतं. वजन खोटं बोलत न्हाई, ध्यानात ठेव."

वजनानंतर अंतर. हजार-बाराशे मीटरला सुसाट सुटणारं जनावर दोन हजाराला धापा टाकतं. मग कितव्या फाटकातून सुटणार तो नंबर, मग जॉकी तोच आहे की बदलला ते. मग आई कोण. कार्डावर बापाचं नाव आधी असतं, पण हे म्हणत, "बाप समद्यांचाच मोठा आस्तो. आई वाच." त्यानंतर मागच्या शर्यतींचे आकडे. एकापुढं एक असे बारीक छापलेले असतात. कितवा आला तो आकडा, नवव्याच्याही मागं राहिला तर शून्य. अगदी उजवीकडचा आकडा म्हणजे नुकतीच झालेली शर्यत. आमच्या वस्तीवर वर्तमानपत्र येत नव्हतं. मागच्या आठवड्यात काय झालं ते आम्हाला त्या उजव्या आकड्यावरूनच कळायचं.

दोन-तीन शुक्रवारांत मी तयार झाले. एकदा ह्यांनी विचारलं, "भोवरा लिवलाय का कुठं?"

"न्हाई."

"आनि सईस?"

मी पान वरपासून खालपर्यंत पाहिलं. मालकाचं नाव होतं, ट्रेनरचं होतं, जॉकीचं होतं.

"सईस न्हाई," मी म्हणाले.

"ऱ्हातोच त्यो," ते म्हणाले. "बारा वर्सं बघतोय. जो जनावराजवळ निजतो त्योच कागदावर नसतो."

आता त्या घोडीबद्दल सांगायला हवं. कार्डावर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, हे तिला नुसतं बया म्हणत. ती दोन वर्षांची असताना त्यांच्या हाताखाली आली होती. शर्यतीआधी घोडे लोकांना फिरवून दाखवतात त्या रिंगणात ती दुसऱ्या कुणाच्या हाताला पाऊल उचलत नसे, असं ते सांगत. ते तिच्या कानाशी काहीबाही बोलत आणि मग ती चाले. काय बोलत ते मी विचारलं तर लाजले. लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, माझ्याशी असं कानाशी कधी कुणी बोललं नव्हतं. मला त्या जनावराचा मनापासून राग यायचा.

ह्यांच्या हातात असताना बया जिंकली होती. ते घरी आल्यापासून तिचे आकडे सात, नऊ, शून्य, शून्य असे यायला लागले. दर वेळी वजन उतरत होतं. मी शून्य वाचलं की ह्यांचा चेहरा उजळायचा. "ती न्हाई धावायची," ते म्हणत. "मी न्हाई ना तिथं. कागदावर नसलो म्हून काय झालं, तिला ठाव हाय." त्या दिवशी अर्धी भाकरी जास्त जायची. आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय एवढ्यावर ते जगत होते, आणि मी देवापुढं दिवा लावताना घोडी हरू दे म्हणत होते. आता सांगायला लाज वाटते, पण म्हणत होते.

ह्यांची जाण ऐकून माणसं यायला लागली. कडेगावकडचे तिघेजण दर शनिवारी सकाळी जीप घेऊन यायचे. उसाची शेती, हातात पैसा, आणि सांगलीत कुणीतरी घोड्यांवर पैसे घेणारा त्यांनी गाठलेला. स्वतः खेळणं ह्यांना आवडत नसे, पण विचारलं तर सांगत. तिघे समोर पोत्यावर बसत, "मामा, मामा" करत, आणि हे बाजेवर ताठ बसून एकेका घोड्याचं वजन, अंतर, आई तोंडपाठ सांगत. आदल्या दिवशी मी वाचलेलं सगळं त्यांच्या डोक्यात राही. त्या तासाभरापुरतं ते आंधळे नसत. मी आतून चहा करता करता ऐकायची आणि मला बरं वाटायचं.

सप्टेंबरमधल्या एका शुक्रवारी मी बुक उघडलं आणि नियम मोडला. नाव आधी पाहिलं. बया होती. माझी नजर सरळ उजव्या आकड्यावर गेली. शून्य, सात, शून्य, एक.

मी पुन्हा पाहिलं. एकच होता. बया मागच्या रविवारी जिंकली होती, ह्यांच्यावाचून.

हे बाजेवर हनुवटी वर करून थांबले होते. वाचायला लागायच्या आधी ते नेहमी तसे बसत. माझ्या मनात एकच आलं, की हा एक ऐकला की हे पुन्हा भिंतीकडं तोंड करणार. मी वाचायला लागले. सवयीनं वजनापासून. बावन्नचं पंचावन्न झालं होतं, ते तसंच वाचलं. अंतर वाचलं, फाटक वाचलं, जॉकी, आई. मग आकडे. "शून्य, सात, शून्य," मी म्हणाले, आणि म्हणाले, "आठ." आठच का, ते मला आजही सांगता येणार नाही.

ह्यांनी हनुवटी खाली घेतली. बाहेर शेळी ओरडत होती.

"वजन वाढलंय म्हनलीस न्हवं?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. त्यांनीच शिकवलेलं, पहिल्या दिवशी शिकवलेलं, आणि मी विसरले होते. घोडी आठवी आली असती तर वजन उतरलं असतं.

"व्हय," मी म्हणाले.

"आठवी आली आनि वजन वाढलं? आसं कसं?"

त्या वेळी खरं सांगता आलं असतं. हात धरून सांगायला हवं होतं. पण चोरी पकडली गेली की माणूस चढ्या आवाजात बोलतो. मी म्हणाले, "छापलंय तसं वाचलं मी. इस्वास न्हाई का माझ्यावर?"

"हाय की," ते लगेच म्हणाले. "तुझ्यावर न्हाई ठेवायचा तर कुनावर ठेवू? छापणाऱ्याचंच चुकलं आसंल." आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी जीप आली. तिघांत जो थोडा शिकलेला होता त्यानं आल्या आल्याच विचारलं, "मामा, ती तुमची घोडी काय म्हंती? उद्याच्याला लावावी का?"

"फुली मारा तिच्यावर," हे म्हणाले. "गेल्या खेपेला आठवी आली. माझ्याबिगर ती धावायची न्हाई."

तिघांनी एकमेकांकडं पाहिलं. मी दारात चहाची कपबशी घेऊन उभी होते.

"आवं मामा, ती जिंकली की गेल्या रविवारी," तो म्हणाला. "सांगलीत लय जणांनी पैसं कमावलं तिच्यावर."

"न्हाई, न्हाई. कार्डावर हाय. आगं, वाचून दाव ह्यास्नी."

मला हलता येईना. त्या माणसानं कोनाड्यातलं बुक स्वतःच घेतलं, पान काढलं आणि आकड्यावर बोट ठेवून म्हणाला, "ह्यो बघा एक." मग आपण कुणाला बघा म्हणालो ते त्याच्या ध्यानात आलं आणि त्यानं बुक मिटलं.

ह्यांनी मान माझ्या बाजूला वळवली. मी कुठं उभी आहे ते त्यांना बरोबर कळत असे. माझा श्वास ऐकत असतील. मग ते पाहुण्यांना म्हणाले, "छपाई लय बारीक आस्ती. एकाचा आठ दिसला आसंल हिला."

एक आणि आठ. चौथीतलं पोरही चुकणार नाही. पण चार माणसांत त्यांनी मला सांभाळून घेतलं. तिघांनी चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले आणि गेले. पुढच्या शनिवारी जीप आली नाही, त्यानंतरही कधी आली नाही.

ते गेल्यावर मी बाजेजवळ जाऊन बसले. ओरडतील, हात उगारतील, काहीही करतील असं वाटत होतं, आणि त्यांनी ते करावं असंही वाटत होतं. पण ते म्हणाले, "आता कोन धरत आसंल तिला?"

"ठाव न्हाई."

"हात चांगला आसंल त्याचा," ते म्हणाले. "न्हाईतर ती रिंगणात यायची न्हाई. जिंकली म्हंजे त्यानं जीव लावलाय."

त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं. उलट बरं वाटल्याचं कळत होतं. म्हणजे तो एकाचा आकडा त्यांना पेलला असता. मी खरं वाचलं असतं तर ह्याच बाजेवर बसून ते हेच बोलले असते आणि शनिवारी तिघांना मान वर करून सांगितलं असतं की लावा तिच्यावर. पंधरा वर्षं संसार करून मला माझा माणूस एवढाही ओळखता आला नव्हता.

मी पाय धरले. म्हणाले, "चुकलं माझं. पुन्हा न्हाई व्हायचं." त्यांनी पाय हळूच बाजूला घेतले आणि म्हणाले, "कंडक्टरला सांग, बूक नगं आता."

ते पुन्हा भिंतीकडं वळले नाहीत. जेवत राहिले, अंघोळ करत राहिले, माझ्याशी वाकडा शब्द कधी बोलले नाहीत. फक्त पुण्याच्या जुन्या सोबत्याचं पत्र आलं आणि मी ते वाचून दाखवलं, तर त्यांनी ऐकून घडी घातली आणि पोस्टमन दुसऱ्या दिवशी आल्यावर त्याच्याकडून पुन्हा वाचून घेतलं. मी चुलीपाशी होते. त्यांनी आवाज खाली ठेवला होता, मला लागू नये म्हणून. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठीही त्यांनी अशीच दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घेतली.

परतीच्या पावसाचे दिवस होते. अंगणात मटकी वाळत घातली होती. एका दुपारी डोंगराकडून काळं भरून आलं आणि मी आतूनच ओरडले, "आवं, आभाळ आलंय, मी मटकी गोळा करती." हे बाजेवरून उठले. भिंतीला हात लावत, उंबरा चाचपत अंगणात गेले आणि तळहात पुढं करून उभे राहिले. मी त्यांच्या पायांशी बसून मटकी भरत होते. हातावर पहिला थेंब पडेपर्यंत ते तसेच उभे होते.