साडूंचा परसों

हैदराबाद शहर कुणी का वसवलेलं असेना, ते आमच्या पाथरीच्या साडूंच्या नाश्त्याची सोय व्हावी म्हणूनच वसवलं, याबद्दल परभणी जिल्ह्यात दुमत नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांचं मोटारपंपांचं दुकान आहे. पण तिथं गिऱ्हाइकांपेक्षा हैदराबादला निघालेल्या माणसांचीच गर्दी. कुणी दवाखान्यात निघालेलं, कुणी लग्नाचा बस्ता बांधायला. साडू आधी विचारतात, "सकाळी पोचता का दुपारी?" आणि मग अख्खं शहर पोटाच्या वाटेनं सांगतात. "टेसनाबाहेर तेलुगू बाई इडली काढायलीय, ती खा. तिथून मारवाड्याच्या कचोरीपर्यंत चालतच जा, म्हंजी भूक लागती. चारमिनार काय पळून जात न्हाई. खिचडी-खट्टा मातर लवकर संपतो." ऑपरेशनला निघालेल्या एका पाहुण्याला उपाशीपोटी जायचंय हे कळल्यावर साडू इतके हळहळले, की पाहुणाच त्यांची समजूत काढत बसला.

प्रत्येक जागेची ग्वाही ते एकाच शब्दात देतात. "परसों मी स्वतः खाल्लो की!" हैदराबादेकडचा हा परसों परवाचा नसतो; त्यात दहा-बारा वर्षं पाय पसरून मावतात. साखरेनं डाव्या पायाची बोटं नेली, तेव्हापासून साडूंचा प्रवास दुकान ते घर एवढाच उरला आहे. तरी सगळं परसोंच.

आता सांगूनच टाकतो. मी या माणसावर जळतो. आजाऱ्यावर जळू नये हे कळतं, लाजही वाटते, पण थांबता येत नाही. बायकोनं चारमिनार पहिल्यांदा पाहिला तो ताई-दाजींबरोबर. मला रजा मिळाली नव्हती. तेव्हापासून घरात कशाचाही विषय निघो, अगदी मिक्सर घ्यायचा का असेना, ती म्हणते, "दाजींना विचारा की एकदा."

यंदा आम्ही दोघंच हैदराबादला निघालो तेव्हा मी बजावलं, "कुणाला विचारायचं नाही." दाजींनी न सांगितलेली, माझी अशी एक तरी जागा मला तिला दाखवायची होती. गल्लीबोळ हिंडून, फिरून फिरून त्याच मशिदीपाशी येऊन, शेवटी मला एक इराणी हॉटेल सापडलं. संगमरवरी टेबलं, कुरकुरणारा पंखा, चहावर जाड साय. बिस्किट बुडवत बायको म्हणाली, "हे दाजींना माहीत नसणार!" अशी वाक्यं संसारात फार थोडी वाट्याला येतात. मी छाती काढून गल्ल्यावरच्या म्हाताऱ्याला सांगितलं, "हम परभणी से आए."

"परभनी?" तो खुलला. "वो पाथरी के पंपसेठ खैरियत से हैं ना? परसोंइच तो आए थे!"

बायको इतकी हसली की चहा सांडला. परतीच्या गाडीत मी तिला म्हणालो, "म्हातारा विचारत होता, हे त्यांना सांगू नको."

"का बरं?"

मी पिशवीतली बाटली काढून पाणी प्यायलो. तिनं खिडकीकडं तोंड फिरवलं. "बरं, न्हाई सांगत."

पाथरीला साडू पट्टी बांधलेला पाय स्टुलावर ठेवून वाटच बघत होते. "काय काय खाल्ले, साडूभाऊ? सगळं सांगा." मी इराणी हॉटेलाचं सांगितलं.

"साय होती?"

"जाड."

"आन् बिस्किट? बुडवलं की तुटायलंय का अजून?"

"तुटतंय."

साडूंनी डोळे मिटले. पुढ्यातला त्यांचा बिनसाखरेचा कोरा चहा निवत होता. मग आवाज खाली आणून म्हणाले, "गल्ल्यावर एक म्हातारा असायचा. हाय का हो? का गेला?"

बायको माझ्याकडं बघत होती. शब्द पाळून गप्प.

"आहे," मी म्हणालो. "तुम्हालाच विचारत होता. म्हणाला, पंपसेठ परसोंच येऊन गेले."

साडूंनी रुमालानं तोंड पुसलं. "परसोंच तर गेलतो," ते म्हणाले, आणि स्टुलावरचा पाय हळूच खाली घेऊन चप्पल चाचपू लागले.