माझ्या वाटणीची कणसं

"गुर्जी, सोपानतात्या गेलं," दूध मापता मापता नागापूरचा गवळी म्हणाला आणि पातेलं माझ्या हातात तसंच राहिलं. महिना होत आला त्याला. लिहायला बसवत नव्हतं, कारण सोपानबद्दल लिहायचं म्हणजे स्वतःची लाज उघडी करायची.

सोपान माझा शाळेपासूनचा मित्र. नागापूरला कारखाने आले, त्याची बरीचशी जमीन त्यात गेली आणि एकदम पैसा हातात आला. तेव्हापासून दर पौषात त्याच्या मळ्यात हुरडा. भिंगारचे, नगरचे आम्ही सातजण ठरलेले. आणायला-पोचवायला टेम्पो. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं नवं दुकान... सोपान नाही म्हणाल्याचं मी कधी ऐकलं नाही. एकदा मी त्याला टोकलं. हसून म्हणाला, "आवो गुर्जी, मानसं हायती म्हनून तर पैशाची मजा!" माझ्या बहिणीच्या लग्नाचा मांडवही त्यानंच घातला होता. आगटीतली गरम कणसं तो स्वतःच तळहातावर चोळून द्यायचा. पाहुण्यानं हात काळे करायचे नाहीत, हा त्याचा हट्ट.

पैसा आटला तशी एकेकाला कामं निघू लागली. त्यात बहात्तरचा पाऊस दडी मारून बसला. विहिरीकाठचा एवढासा तुकडा सोपानकडे उरला होता. आणि अशा वर्षी आम्हा सातही जणांना त्याची कार्डं आली, हुरड्याला या म्हणून. आमच्यातले वकील बाजारात भेटले. "दुष्काळात कसला आलाय हुरडा? हात पसरायला बोलावतोय," म्हणाले. मला पटलं... खरं म्हणजे मी पटवून घेतलं. तरी रविवारी सायकल काढली. त्याच्या विहिरीवरची चिंच दिसेपर्यंत गेलो आणि वळलो. त्यानं काही मागितलं तर काय सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

दहाव्याला गेलो. त्या सहांतलं कुणीही नव्हतं. वहिनींना धीर करून विचारलं, "त्या हुरड्याच्या दिवशी त्याला काही हवं होतं का?"

"काय बी न्हाई वो. दोन म्हैने हिरीच्या तळाचं पानी घागरीनं घातलं त्या ज्वारीला. मानसं येत्याल, येवढंच." मग पदर सावरत म्हणाल्या, "तुमची सायकल दिसली हुती त्यास्नी. म्हनलं, गुर्जीच हायती, पंचर झाली आसंल, येत्याल चालत. दिवस मावळंस्तवर आगटी इझू दिली न्हाई."

मला रडू आवरलं नाही. वहिनींनी आढ्याला टांगलेली कणसांची एक जुडी काढून माझ्यापुढं ठेवली. "ही तुमच्या वाटनीची. कुनाला हात लावू दिला न्हाई त्येंनी."

ती जुडी आता माझ्या घरात, सायकल ठेवतो त्या भिंतीच्या खुंटीला आहे. काल त्यातलं एक कणीस काढून तळहातावर चोळलं. वाळलेले दाणे खळकन जमिनीवर सांडले. हात अगदी स्वच्छ राहिला.