फ्रिजच्या दारातला डाग

फ्रिजच्या दारात, लोणच्याच्या बरणीशेजारी, एक गोल चिकट डाग उरला आहे. तिथे वर्षभर मुक्ताच्या औषधाची बाटली असायची. माझ्या या पाच वर्षांच्या लेकीला लघवीचं इन्फेक्शन सारखं व्हायचं. ते पुन्हा होऊ नये म्हणून रोज जेवणानंतर थोडं अँटिबायोटिक. ताप नाही, काही नाही, हसत्याखेळत्या पोरीला औषध पाजताना हात अडखळायचा. औषध पोरीला देतेय की माझ्या भीतीला, कळायचं नाही.

काल डॉक्टरबाई म्हणाल्या, "आता बंद करू या." तरी आज जेवणं झाल्यावर माझा हात सवयीने त्या डागापर्यंत गेलाच. मग दार उघडं ठेवून नुसती उभी राहिले. गार हवा अंगावर येत होती. छान वाटत होतं.

मुक्ता बाथरूममध्ये गेली. "जळतंय का गं?" हे मी वर्षभर दाराबाहेरून विचारत आलेय. आज ओठ घट्ट मिटले. एवढंसं पोर, किती विचारायचं त्याला!

आत पाणी ओतल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक, "आई, विचार ना! नाही जळत!"