शेवटचं बोट

आमच्या मामेसासऱ्यांचा देवावर विश्वास होता, डोंबिवलीच्या नळाला येणाऱ्या पाण्यावरही होता, पण गवंड्यावर अजिबात नव्हता. "ओटा बांधला की झालं, असं त्याला वाटतं. खरं काम तिथून पुढे!" असं म्हणत ते पिशवीतून पांढऱ्या सिमेंटचा पुडा काढत. ओट्याचा कडप्पा आणि भिंतीच्या टाइल्स यांच्यामधली सांध बुजवणं हे त्यांचं व्यसन. कारकुनीतून उरलेलं आयुष्य त्यांनी ठाणे-कल्याणच्या नातेवाइकांच्या ओट्यांवर ओणवं होऊन घालवलं. चपला काढायच्या आधीच विचारत, "ओटा काय म्हणतोय?" माणसांची चौकशी मागाहून, चहाबरोबर.

माझ्या मेहुण्यासाठी ठाण्याला मुलगी बघायला गेलो होतो. पोहे चालू असताना मामा गायब झाले आणि आतून सुरीने काहीतरी खरवडल्याचा आवाज येऊ लागला. बाहेर येऊन गंभीरपणे म्हणाले, "मुलगी उत्तम आहे, पण मागे ओल आहे." मुलीच्या आईचा चेहराच उतरला. ओल भिंतीत आहे हे पटवून देताना मामींची पुरेवाट झाली. लग्न ठरलं, पण साखरपुड्याच्या आधी मामांनी ती सांध भरलीच.

मामी नेहमी त्यांच्याबरोबर असत, कारण शेवटचं बोट त्यांचं. सिमेंट दाबून झालं की मामा बाजूला होत आणि मामी ओलं बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात फिरवत. "हिच्या बोटाला थांबणं माहीत नाही," मामा म्हणत. "तोंडालाही नाही, असं म्हणायचंय यांना," मामी हात पुसत म्हणत. आमच्या ठाकुर्लीच्या नव्या घरात मात्र नळाजवळ मामींची बांगडी टेकली आणि ओल्या सिमेंटात छोटी चंद्रकोर उमटली. मामा पुन्हा भरायला निघाले. "राहू दे हो, कोण बघतंय?" मामी म्हणाल्या. मामा बघत होते. पुढे दर वेळी आले की तिथे बघून हळहळत, "एवढं एक बिघडलं."

मामी काविळीने गेल्या. खुंटीवरच्या पिशवीत सिमेंटचा दगड झाला. मग घरोघर ग्रॅनाइट आला. मुलाने मामांचाच ओटा फोडायला काढला. "बाबा, आता ट्यूबमधलं सिलिकॉन मारतात, पाच मिनिटांत होतं." मामा म्हणाले, "मारतात खरं," आणि तो दिवस आमच्याकडे बसून राहिले. ठाण्याचा ओटा गेला, कल्याणचे गेले. मामींचं बोट पुसत पुसत आमच्यापुरतं उरलं, आणि आम्हीही ग्रॅनाइट ठरवून ठेवलेला.

ते कळल्यावर मामा आले. आज ओट्याची चौकशी नाही. नळाजवळ उभे राहून म्हणाले, "जावईबापू, फोडताना एवढा तुकडा अख्खा निघेल का हो?" मग स्वतःच म्हणाले, "नाही निघायचा. मीच घट्ट भरलाय ना."

माझी बायको नीला चहा गाळत होती. गाळणं तसंच हातात धरून ती म्हणाली, "मामा, मला नकोय तो ग्रॅनाइट. कडप्पाच बरा आहे आपला."

मामांनी नळाखाली बोट ओलं करून ते कडेवरून हळूहळू नेलं आणि चंद्रकोरीपाशी थांबले.

"एवढं एक बिघडलं," ते म्हणाले, आणि बोट तिथेच ठेवून उभे राहिले. चहा गार होत गेला, आम्ही त्यांना हाक मारली नाही.