फिश-आय

“ही फिल्म आहे की चाळण?” मी कोटिंग लाइनवर ओरडलो. ऑपरेटर म्हात्रेने मशीन थांबवलं.

तुर्भ्याला आम्ही वाकणारे सोलर सेल बनवतो. प्लास्टिक फिल्मचा रोल एका टोकाला सुटतो, वाटेत त्यावर पॉलिमरची शाई बसते, दुसऱ्या टोकाला तो गुंडाळला जातो. वर्तमानपत्र छापावं तसंच, फक्त थर केसाहून कितीतरी पातळ. त्या दिवशी शाई बसेचना. जागोजाग गोल खळगे. अळवावरचं पाणी! आणि दुपारी कस्टमर येणार.

“काय आहे हे?” डायरेक्टर सावंतसाहेब.

“फिश-आय, सर. फिल्मला तेलकट काही लागलं की शाई तिथून पळते.”

साहेबांनी ‘फिश’ एवढंच ऐकलं. म्हात्रे सारसोळ्याचा, घरात मासेमारी.

“मासे खाऊन तसाच रोल लावतोस काय रे?”

“आज सोमवार हाय साहेब. डब्यात वाल हायत. आनि ग्लोव्हज काय शोभेला घातलेत?”

“उलट बोलतो! मेमो द्या याला. पुन्हा झालं तर घरी.”

साहेबांवर चिडायची माझी छाती नव्हती, म्हणून मी म्हात्रेवर चिडलो. मेमोवर सही ठोकली. कारण: अस्वच्छता.

मग रोलर पुसायला घेतले. फडक्याला लिंबाचा वास. ओळखीचा. माझ्या गाडीतला!

शनिवारी साहेब म्हणाले होते, कस्टमर फोटो काढणार, मशीन चमकव. मी डिकीतला डॅशबोर्ड पॉलिशचा स्प्रे आणून स्वतः, प्रेमाने, फवारला होता. त्यात सिलिकॉनचं तेल असतं. शाईचा सात जन्मांचा वैरी. हे मी नव्या मुलांना ट्रेनिंगमध्ये शिकवतो. स्लाइडसकट.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “बरं, गप्प बस. मेमो राहू दे. शिस्त लागते.”

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. “कोणाला, सर? मेकअप आपण केला मशीनचा, आणि तोंड काळं त्याचं?”

कस्टमर बंद मशीनचे फोटो काढून गेला. फोटो झकास आले. ऑर्डर आली नाही.

म्हात्रेची माफी मागायला गेलो. तो म्हणाला, “कागदावर लिवलंत, आता तोंडानं पुसता काय?”

मेमो रद्द करायच्या कागदावर साहेबांनी सही करायला नकार दिला. मग मीच लिहिलं, ‘मेमो रद्द. अस्वच्छता माझी,’ आणि नोटीस बोर्डावर लावलं. म्हात्रे त्याच लाइनवर आहे. माझ्याशी कामापुरतं बोलतो.

सॉल्व्हंटने पुन्हापुन्हा पुसलं की सिलिकॉन निघतं. सहीवर चालेल असं सॉल्व्हंट आमच्या स्टोअरमध्ये नाही.