निळं असेल तेवढंच बोला

पडदा वर जातो. डावीकडे उंच खिडक्या, त्यांच्यापलीकडे धान्याचं पांढरं कोठार आणि कापणी होऊन गेलेली मक्याची रानं. उजवीकडे गळका नळ, त्याच्या वर झेंडा. मधोमध बुटक्या खुर्च्या. फरशीवर करकर नको म्हणून त्यांच्या पायांत टेनिसचे चिरलेले चेंडू घातलेले. मार्चमधली सकाळ आहे आणि नेब्रास्काचा वारा एकेक खिडकी हलवून बघतो आहे, कुठली सैल सापडते ते. मुलं जागेवर बसली आहेत. आणि प्रवेश करतात तिसरीच्या बाई, अर्विला कुबिचेक. हातात एक जाडजूड पुस्तक.

अर्विला आणि मी याच शाळेत शिकलो. मी पुढे तंबूतल्या नाटक कंपनीबरोबर गावोगाव हिंडलो; ती शिकून परत आली आणि याच वर्गात उभी राहिली. म्हातारपणी मी गावी परतलो तेव्हा तिने मला दुकानातच गाठलं. "घरी बसून गंज चढेल तुला, ऑटो. ये वर्गात. पोरांचं वाचन ऐकायला मला कान कमी पडतात." तेव्हापासून दर मंगळवारी मी नळाजवळच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे हनुवटीला लावून बसतो.

ती गोष्ट वाचायची ते तुम्ही ऐकायला हवं होतं. राक्षस आला की टेबलावर चढायची. वादळ आलं की खिडकी उघडायची, कागद उडू द्यायची. गावातल्या बियाणेवाल्याला, दंतवैद्याला, पोस्टातल्या बाईला विचारा; आजही ते राक्षसाचा तो आवाज काढून दाखवतात. मी मोठमोठ्या नटांबरोबर कामं केली आहेत. त्यांतल्या अर्ध्यांना तिच्या टेबलावर चढायची छाती झाली नसती.

मग ते पुस्तक आलं. राज्याच्या परीक्षेत मुलांचे गुण घसरले होते, म्हणून जिल्ह्याने वाचनाचा एक नवा कार्यक्रम विकत घेतला. त्यात बाईंनी काय बोलायचं ते निळ्या अक्षरांत छापलेलं. मुलांनी काय उत्तर द्यायचं ते करड्या अक्षरांत. बाईंनी चुटकी वाजवायची, मुलांनी एका सुरात उत्तर द्यायचं, आणि जिल्हाभर तिसरीचे सगळे वर्ग एका दिवशी एकाच पानावर. निळं असेल तेवढंच बोलायचं.

संहिता म्हणजे काय ते मी जाणतो. नट ती पाठ करतो ती विसरता यावी म्हणून. प्रेक्षकांत एखादं मूल रडलं तर आम्ही थांबायचो, ते गप्प झालं की पुढचं वाक्य. इथे थांबायची सोय नव्हती. शरद ऋतूत सारस पक्ष्यांचे थवे वरून गेले, तेव्हा अर्विला पोरांना घेऊन खिडकीशी गेली, तर तिच्यावर शेरा आला. नंतर एकदा निळं वाक्य तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं. दुसरा शेरा. आणि मग, इतकी वर्षं शिकवल्यावर, तिला 'सुधारणा योजने'वर ठेवलं.

"सुधारणा!" ती माझ्या स्वयंपाकघरात कोलाचीचा, म्हणजे आमच्याकडच्या गोड पावाचा, तुकडा मोडत म्हणाली. "ज्या पोरीने ही योजना लिहिली ना, तिला 'सुधारणा' लिहायला मी शिकवलंय."

"मग हास की."

"हसते रे. पण तिसरा शेरा आला तर पुढच्या वर्षीचा करार नाही. मी काय करू? घरी बसून भिंतीला शिकवू?"

म्हणून मार्चमधल्या त्या मंगळवारी ती ठरवूनच आली होती. आज एक शब्दही इकडचा तिकडे नाही. जिल्हा कार्यालयातल्या बाई तपासणीसाठी मागच्या बाकावर टॅबलेट घेऊन बसल्या होत्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना त्या दिवशी अजून चार शाळा गाठायच्या होत्या आणि त्यांनी नाश्ताही गाडीतच केलेला दिसत होता.

धडा होता नेड नावाच्या मुलाचा. अर्विलाने बोट निळ्या ओळीवर ठेवलं. "नेड शनिवारी कुणाला भेटतो?" चुटकी.

"आजोबांना!" सगळा वर्ग.

"तुम्ही आजोबांबरोबर काय करता? यारेत्सी, तू सांग."

यारेत्सी उठली. तिचा बाप इथल्या मांसाच्या कारखान्यात आहे. पोर चिमणीएवढी, आवाज त्याहून लहान. ती म्हणाली, "माझे आजोबा रविवारी वारले."

आणि अर्विलाचं बोट पुढच्या ओळीवर सरकलं. "शाब्बास! पूर्ण वाक्यात सांगितलंस. पान उलटा."

पानं उलटली. मागच्या बाकावर टॅबलेटवर खूण झाली. अर्विलाचा चेहरा मी पाहिला. रंगमंचावर मरणाचे प्रसंग पुष्कळ पाहिलेत मी, पण असा चेहरा नाही. तरी तिने धडा शेवटपर्यंत नेला. जाताना त्या बाई तिच्या दंडाला हात लावून म्हणाल्या, "आज अगदी चोख झालं हो. मला इतकं बरं वाटलं!"

मुलं मैदानाकडे पळाली. अर्विलाने यारेत्सीला थांबवलं आणि तिच्यासमोर फरशीवर गुडघे टेकले. "बाळा, मी चुकले. तू आजोबांचं सांगत होतीस आणि मी..."

यारेत्सीने तिच्या खांद्यावर थोपटलं. "असू दे बाई. तुम्हाला तसं म्हणावंच लागतं ना."

पोर कोट घालून बाहेर गेली. अर्विला उठली. मग पुस्तक उचलून तिने ते असं आपटलं की झेंड्याची काठी हलली.

"रागावली असती तर चाललं असतं, ऑटो. तिने मला माफ केलं! आठ वर्षांच्या पोरीने गृहीत धरलंय की तिच्या बाईला स्वतःचं तोंड नाही!"

त्याच आठवड्यात शाळा मंडळाची सभा होती. कार्यक्रम आणखी काही वर्षं चालवायचा की नाही, यावर मतदान. मी म्हटलं, मी तुला भाषण लिहून देतो, टाळ्या घेशील. तर म्हणाली, "नको रे बाबा. एक पाठांतर गळ्यात आहे तेवढं पुरे."

सभा शाळेच्या ग्रंथालयात भरली. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं. आधी एक गृहस्थ मुलांच्या फोनवर तापले, मग एक बाई कपाटातल्या 'नको त्या' पुस्तकांवर. दोघांनाही निम्म्यांनी टाळ्या दिल्या, निम्म्यांनी हुर्यो. मग अर्विला उठली. तिने मुलीचं नाव न घेता फक्त घडलं ते सांगितलं. आवाज चढवला नाही, हातवारे नाहीत.

अध्यक्ष होता डेल्विन ह्रुस्का, बियाणेवाला, तिचाच जुना विद्यार्थी. सभेत लोकांच्या बोलण्याला उत्तर द्यायचं नाही, असा नियम. त्याने समोरचं छापील कार्ड उचललं आणि वाचलं, "आपल्या सूचनेबद्दल आभारी आहोत. पुढचे वक्ते."

मतदान झालं. कार्यक्रम राहिला.

माणसं खुर्च्या मिटत असताना डेल्विन टोपी हातात घेऊन वाकतच आला. "बाई, नियमच आहे हो तसा. नाहीतर मी..."

"पोटात दुखतंय का तुझ्या? सरळ उभा राहा."

तो खरंच सरळ उभा राहिला. "मनाला लागलं माझ्या, खोटं नाही सांगत. पण गुण वाढलेत बाई, थोडे का होईना. मी काय करू?"

"वाढले असतील. मी नाही म्हणते का?"

"मग पुढच्या वर्षीच्या करारावर सही कराल ना? दोन वर्गांना बाई नाहीतच. जाहिरातीला एक अर्ज आला नाही. तुम्ही गेलात तर तिसरीला उभं कोण राहणार?"

अर्विलाने कोटाची बटणं लावली. एक चुकलं, तिने काढून पुन्हा लावलं. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि डेल्विनही.

"सही करीन, डेल्विन, पण वर्गात पोर रडली की मी पुस्तक मिटणार, हे त्या करारात तुझ्या हाताने लिहून आण. नसेल जमत, तर पगार त्या पुस्तकालाच दे, आणि जानेवारीत थंडीने नाक गळत असताना मैदानात पोरांच्या मागे धावायलाही त्यालाच पाठव."